गायतोंडे कोणत्या वाणाचे?

समोरच्या माणसाचा स्वभाव ओळखणे हा आपल्याकडे छंद नसून कर्तव्य समजले जाते. खोटे वाटत असेल तर परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसून पाहा. गाडी हलते न हलते तोच शेजारचे गृहस्थ "कोणतं गाव म्हणायचं?" अशी सुरुवात करतात. पिंगळी येईपर्यंत त्यांना तुमचे आडनाव, नोकरी आणि कोरडवाहू किती, ओलिताची किती हे सगळे कळलेले असते. मिरखेलला तुमच्या थोरल्याचे लग्न का जुळत नाही याचे कारण ते तुम्हालाच समजावून सांगत असतात. आणि पूर्णेला उतरताना पिशवी खांद्याला अडकवत, "तुम्ही मनानं लई हळवे आहात बगा, जपून राहत जा," असा निकाल देऊन गर्दीत दिसेनासे होतात. तुम्ही हळवे आहात की नाही, हा प्रश्नच नाही. निकाल लागला, फाइल बंद झाली!

या कामाची सोय आपल्या पूर्वजांनी फार आधीच करून ठेवली आहे. बारा राशी, सत्तावीस नक्षत्रे, तीन गण. वैद्याकडे गेलात तर वात, पित्त, कफ. यातून सुटून जाईल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पत्रिकेप्रमाणे मी देवगणाचा आणि आमची ही राक्षसगणाची. लग्नाच्या वेळी यावरून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांत बरीच कुजबुज झाली होती म्हणे. एकेचाळीस वर्षांच्या संसारानंतर आता बाजारात कोणी जायचे हे गणावरून ठरत नाही, कोणाचे गुडघे त्या दिवशी बरे आहेत यावरून ठरते. पण ते असो.

सांगायचा मुद्दा असा, की एवढी जुनी व्यवस्था घरात असताना दिवाळीला आलेल्या माझ्या पुण्याच्या भाचीने एक नवीच आणली. फराळाचे ताट पुढे घेऊन बसलो होतो. तिने मोबाइल उघडला आणि विचारले, "मामा, तुमचा टाइप काय?"

मला वाटले रक्तगट विचारते आहे. मी म्हणालो, "ओ पॉझिटिव्ह."

"तो नव्हे हो! स्वभावाचा टाइप!"

मग तिने मला समजावून सांगितले. जगातली झाडून सारी माणसे म्हणे सोळा प्रकारांत बसतात. सोळा आणे, सोळा सोमवार, सोळा संस्कार हे माझ्या परिचयाचे होते, त्यात ही भर पडली. अंतर्मुख की बहिर्मुख, डोळ्यांनी दिसेल तेवढेच मानणारा की पलीकडचे पाहणारा, डोक्याने चालणारा की मनाने, शिस्तीचा की मोकळा, अशा चार प्रश्नांची चार उत्तरे. प्रत्येक उत्तराचे एक इंग्रजी अक्षर. चार अक्षरे जोडली की माणूस तयार! कोणी आयएनएफजे, कोणी ईएसटीपी. जन्म बँकेत गेल्यामुळे मला ते आयएफएससी कोडच वाटले. त्या कोडात अकरा अक्षरे असतात आणि तेवढ्याने जेमतेम पैसे योग्य शाखेत पोचतात. इथे चार अक्षरांत अख्खा माणूस पोचवायचा होता.

संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्यांचे प्रकार लागले. मामीचा प्रकार काढायला भाची स्वयंपाकघरात गेली आणि पंधरा मिनिटांनी पाहतो तो करंज्या भरत बसलेली. मामीच्या प्रकारात ते बसत असावे.

घरातली माणसे संपली तेव्हा तिने चित्रकार काढले. भाची शाळेत असताना चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन्ही ग्रेड परीक्षा पास झालेली. चित्रकारांचा तिला खरा लळा आहे. खेळ असा, की चित्रकाराचे नाव घ्यायचे, त्याची चित्रे आठवायची आणि स्वभावाचा प्रकार ओळखायचा. हुसेन सोपे गेले. 1915 साली पंढरपुरात जन्मलेला, मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरलेला, लांब दांडीचा ब्रश हातात धरून अनवाणी जगभर हिंडलेला माणूस! "बहिर्मुख," भाचीने एका सेकंदात सांगितले. व्हॅन गॉगही सोपा गेला. कान कापून घेणारा माणूस मनाने चालणारा असणार, डोक्याने चालणारा कसा असेल? मी आपला म्हणालो, की या वेड्या म्हणवणाऱ्या माणसाची आठशेहून जास्त पत्रे शिल्लक आहेत, त्यांतली बहुतेक थिओ नावाच्या भावाला लिहिलेली आहेत, आणि त्यांत रंगांचा, पुस्तकांचा, खर्चाचा जो हिशेब आहे तो पाहून कोणत्याही बँकेने त्याला कॅशियर नेमले असते. भाची म्हणाली, "मामा, खेळ बिघडवू नका."

आणि मग तिने गायतोंडे काढले. तिथे खेळ अडला.

वासुदेव संतू गायतोंडे. जन्म नागपूरचा, 1924 सालचा, घराणे गोव्याचे, वाढले मुंबईत, 1948 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडले. पुढे दिल्लीला निजामुद्दीनमध्ये एका गच्चीवरच्या खोलीत राहिले आणि 2001 साली गेले. लग्न नाही, सभासमारंभ नाही, मुलाखती मोजक्या. वर्षाला पाच-सहा चित्रे करीत. त्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, देवही नाही. नुसता रंग आणि त्यातून वर येऊ पाहणारे काहीतरी. त्यांच्या चित्रांना लोक अमूर्त म्हणत, ते त्यांना पसंत नव्हते. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले आणि 2015 साली मुंबईत त्यांचे एक चित्र एकोणतीस कोटींवर विकले गेले. एकोणतीस कोटी म्हटल्यावर त्यांच्या स्वभावाबद्दल बोलायचा हक्क सर्वांनाच आला.

"अंतर्मुख," भाची म्हणाली. "त्यात शंकाच नको. एकलकोंडे, तत्त्वज्ञ, परफेक्शनिस्ट. वर्षाला पाच चित्रं म्हणजे बघा!"

आता वर्षाला पाच चित्रे कशी होतात ते पाहू. कॅनव्हासवर रंगाचा थर चढवायचा. त्यासाठी ते रोलर वापरत, म्हणजे आमच्याकडे भिंतीला रंग देणारा वापरतो तसला. मग पट्टीने खरवडायचे, वाळू द्यायचे, पुन्हा थर चढवायचा. याला वेळ लागतोच. खवा आटवायला वेळ लागतो म्हणून हलवायाला कोणी अंतर्मुख म्हणत नाही.

दुसरे म्हणजे, या एकलकोंड्या माणसाने ऐन उमेदीची वर्षे काम केले कुठे? तर मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये. त्या एका आवारात रविशंकरांची सतार, अल्काझींची नाटके, नाचणारे, गाणारे आणि चित्रकारांच्या खोल्या असा सगळा बाजार भरलेला असे. हुसेनही तिथेच काम करीत. म्हणजे ज्या छपराखाली बहिर्मुख हुसेन त्याच छपराखाली अंतर्मुख गायतोंडे, आणि मधल्या जिन्यात सतार! एकांत हवा असणारा माणूस अशा ठिकाणी खोली घेतो का? की गर्दीतही ज्याला एकांत मिळतो तोच खरा अंतर्मुख? दोन्ही म्हणता येते. आणि एका पुराव्यावरून दोन्ही म्हणता येते तेव्हा आमच्या बँकेत त्या पुराव्याला व्हाउचर म्हणत नसत.

तिसरी गोष्ट मला जास्त विचार करायला लावणारी वाटते. त्यांच्या कामात एक काळ असा आहे, की मोठे कॅनव्हास थांबतात आणि लहान लहान कागदांवरची शाईची चित्रे दिसू लागतात. नुसती चित्रे पाहून स्वभाव सांगणारा काय म्हणेल? चित्रकार मिटत गेला, जगाला पाठ करून आत आत शिरला. ऐकायला फार छान वाटते. प्रत्यक्षात 1984 साली त्यांना अपघात झाला होता आणि त्यानंतर काही वर्षे मोठा कॅनव्हास हाताळणे शक्यच नव्हते. आपण ज्याला आत्म्याची वाट म्हणतो ती कधी कधी दुखऱ्या अंगाची तडजोड असते. ज्याच्या घरात गुडघे दुखतात त्याला हे लवकर कळते.

तुम्ही म्हणाल, भाचीचे सोडा, ती मोबाइलवर खेळते. विद्वान असे करत नाहीत. वाचकहो, विद्वानांनीच तर केले आहे! थोर फ्रॉइडसाहेबांनी 1910 साली लिओनार्दो द विंचीच्या स्वभावावर एक सबंध पुस्तक लिहिले. आधार कशाचा, तर लिओनार्दोच्या वहीतल्या एका नोंदीचा. मी पाळण्यात असताना एक पक्षी माझ्याजवळ आला आणि त्याने आपल्या शेपटीने माझे तोंड उघडले, अशी ती आठवण. फ्रॉइडच्या हाती जे जर्मन भाषांतर होते त्यात हा पक्षी गिधाड होता. झाले! गिधाडावरून फ्रॉइडसाहेब इजिप्तला गेले. तिथे गिधाडाच्या डोक्याची मातृदेवता सापडली, तिच्यावरून लिओनार्दोची आई सापडली, आईवरून त्याचे बालपण, बालपणावरून मोनालिसाचे हसू. असा सगळा चिरेबंदी वाडा उभा राहिला. पुढे लोकांनी मूळ इटालियन वही काढून पाहिली तर त्यात गिधाड नव्हतेच. घार होती! घार आणि गिधाड यांतला फरक आमच्या जिल्ह्यातल्या कोंबडीच्या पिलालाही कळतो. पण लिओनार्दो चारशे वर्षांपूर्वी वारलेला. "अहो साहेब, ती घार होती" असे सांगायला तो येणार कुठून?

इथे मला खरा प्रश्न दिसतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याच्याबद्दल आपण बोलतो त्याला उत्तर देता येत नसेल, तर त्याच्यावर शेरा मारण्याचा आपल्याला अधिकार किती? मेलेल्याला उत्तर देता येत नाही. अबोल माणूस उत्तर देत नाही. गायतोंडे तर आता दोन्ही झाले आहेत.

या सोळा प्रकारांचे कुळशील मी नंतर पाहिले. कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या अमेरिकेतल्या मायलेकींनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ही प्रश्नावली तयार केली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. लेक तर आधी रहस्यकथा लिहीत असे, आणि बक्षीस मिळण्याइतक्या चांगल्या. रहस्यकथेत शेवटच्या पानावर खुनी सापडलाच पाहिजे. "नक्की सांगता येत नाही" असा शेवट तिथे चालत नाही. मूळ कल्पना त्यांनी घेतली युंग या स्विस पंडिताच्या 1921 सालच्या ग्रंथातून. आणि गंमत पाहा, खुद्द युंगने 1934 साली, माणसांना अशा चिठ्ठ्या डकवत बसणे हा दिवाणखान्यातला पोरखेळ आहे, अशा अर्थाचे लिहून ठेवले आहे. पण चिठ्ठ्या छापून झाल्यावर छापखाना कोण बंद करतो?

पुन्हा परीक्षा घेतली तर पुष्कळांचा प्रकार काही आठवड्यांतच बदलतो, असेही तपासणाऱ्यांनी दाखवले आहे. हे मी भाचीला सांगितले. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "माझाही बदलला होता. आधी आय होते, मग ई आली."

"मधे काय झालं?"

"नोकरी लागली."

आता बोला!

तरी वर्णन वाचले की वाटते, अगदी आपलेच लिहिले आहे. त्याचेही उत्तर 1948 साली फोरर नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकाने काढून ठेवले आहे. त्याने वर्गातल्या 39 मुलांची स्वभावपरीक्षा घेतली आणि प्रत्येकाला त्याचे "खास" वर्णन दिले. किती जुळते ते पाचपैकी गुण देऊन सांगा म्हणाला. सरासरी आली 4.26. मग त्याने सांगितले, की सगळ्यांना एकच कागद दिला होता आणि त्यातली वाक्ये ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचलली होती. पूर्णेला उतरलेले ते गृहस्थ बहुधा डब्यातल्या प्रत्येकाला हळवाच म्हणत असतील; आणि कोणत्या प्रवाशाने आजवर नाही म्हटले आहे?

प्रकार पाडणेच चुकीचे, असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्या परभणीत कृषी विद्यापीठ आहे, आणि प्रकार पाडण्यावर त्याचा सगळा संसार चालतो. आमच्याकडची ज्वारी "परभणी मोती" या नावाने ओळखली जाते आणि भेंडी "परभणी क्रांती" या नावाने. क्रांती जगात कुठे कुठे झाली ते इतिहासात वाचावे, आमच्याकडे ती भेंडीत झाली. पाने पिवळी पाडणाऱ्या रोगाला ही भेंडी दाद देत नसे म्हणून देशभर नावाजली. आता वाण म्हणजे काय? पिढ्यान्‌पिढ्या निवड करत करत असे बी तयार करायचे, की पेरले की प्रत्येक झाड सारखेच आले पाहिजे. एखादे वेगळे निघाले तर ते उपटून टाकतात. भेंडीच्या बाबतीत हे फार चांगले आहे. पण माणसाला चार अक्षरी वाणाचे नाव दिले, की त्याच्यातले जे वेगळे आहे ते आपण मनातल्या मनात उपटूनच टाकतो. हुसेनमधला एकटा बसणारा हुसेन उपटला जातो, व्हॅन गॉगमधला हिशेबी भाऊ उपटला जातो. उरते ती भेंडी.

वाणाचे नाव लागल्यावर काय होते हे आमच्या गावाला कोणी शिकवायला नको. आमच्या गावाबद्दल दोन म्हणी आहेत. एक, "जगात जर्मनी, भारतात परभणी." दुसरी, "बनी तो बनी, नहीं तो परभणी", म्हणजे जमले तर जमले, नाही तर परभणी आहेच. पहिली म्हणताना आमची छाती फुगते, दुसरी म्हणताना बाहेरच्यांची. गाव एकच, उरूस तोच, ऊन तेच, स्टेशनवरचा चहा तोच. दोन्ही म्हणी खऱ्या असणे शक्य नाही, आणि दोन्हींचा आमच्या नळाला पाणी किती दिवसांनी येते याच्याशी काही संबंध नाही. तरी बदलीवर येणारा साहेब गाडीतून उतरतो तो दुसरी म्हण मनात घेऊनच, आणि गावाकडे तो त्या म्हणीच्या चष्म्यातून बघतो. पुढे दोन-तीन वर्षे राहिला, की बदली झाल्यावर जाताना रडतो. पण तेवढी वर्षे सगळ्यांच्या नशिबी नसतात.

आमच्या पलीकडच्या गल्लीत चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक राहत. त्यांच्यावर शाळेत कधी तरी "घुमा" असा शिक्का बसला होता. शिक्षकांच्या खोलीत ते कोपऱ्यात बसत, चहाला थांबत नसत, कोणाशी बोलत नसत, म्हणून घुमे. नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगितले जाई, "त्यांच्या वाटेला जाऊ नका, त्यांना माणसं आवडत नाहीत." निवृत्तीनंतर माणूस कशाला येईल त्यांच्याकडे? सगळ्यांना त्यांचा स्वभाव माहीतच होता!

भाचीला ग्रेड परीक्षेसाठी त्यांच्याकडे पाठवायचे म्हणून मी तिला घेऊन गेलो तेव्हा सर बोलू लागले, ते दिवेलागणीपर्यंत बोलत होते. हैदराबाद पाहिले त्याबद्दल, औरंगाबादेहून रंग मागवायचे त्याबद्दल, वेरूळला एका सुट्टीत पंधरा दिवस राहिले त्याबद्दल. त्यांच्या उजव्या कानाला ऐकूच येत नव्हते. कोपऱ्यात बसायचे ते भिंत उजवीकडे यावी म्हणून. चहाला थांबायचे नाहीत ते गलक्यात काहीच कळायचे नाही म्हणून. मी म्हणालो, "सर, हे शाळेत कोणाला सांगितलं नाही कामून?"

सर हसले. "विचारलं नाही कोणी. सगळ्यांना माहीतच होतं की मी कसा आहे."

एका शब्दाच्या शेऱ्यापायी एक माणूस तीस वर्षे कोपऱ्यात बसला, आणि शेरा मारणाऱ्यांपैकी एकही दुष्ट नव्हता. स्वभाव ओळखण्याच्या खेळात एवढे पणाला लागलेले असते. ओळखले असे वाटले, की आपण विचारायचे थांबतो.

त्याच सरांचा एक धडा भाची अजून सांगते. स्थिरचित्राला ते पितळेचा तांब्या मांडत आणि दहा मिनिटे कोणालाही पेन्सिल उचलू देत नसत. मुले चुळबुळ करत. दहा मिनिटांनी पोरे काढत तो तांब्या मात्र सगळ्यांचा सारखाच निघे, पाठ्यपुस्तकात असतो तसा. सर म्हणत, "तुम्ही हा तांब्या काढला नाही, तांब्याविषयीचं तुमचं मत काढलंत. याला डावीकडं पोचा आहे, तो कुणालाच दिसला नाही." मग पुन्हा दहा मिनिटे.

हे मला आठवले ते मुंबईत. एका लग्नाला जायचे होते. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर अवघडून पोचलो, लग्न लागले, आणि दुसऱ्या दिवशी भाची आम्हा दोघांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घेऊन गेली. तिथे जहांगीर निकल्सन यांचा चित्रसंग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत. एका चित्रासमोर आम्ही तिघे उभे राहिलो. पिवळसर राखी रंग, आणि त्यात काही आकार, अर्धे वर आलेले, अर्धे बुडालेले. भाची हळूच म्हणाली, "बघा, किती अंतर्मुख!" शेजारी उभ्या असलेल्या दोन मुलांपैकी एकाने किंमत किती असेल याचा अंदाज केला. तोही एक प्रकारच आहे.

आमची ही मात्र काही बोलली नाही. बाकाची सोय होती तरी बसली नाही. ती चित्राकडे बघत राहिली, गुडघे दुखत असताना. बऱ्याच वेळाने म्हणाली, "गंगाखेडला पहाटे गोदावरीवर धुकं असतं ना, आणि पलीकडची माणसं दिसतात न दिसतात, तसं वाटतंय." पुन्हा थोडा वेळ गेला. "पण तसंही नाही."

भाचीने मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि मामीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"पण तसंही नाही" ही चार अक्षरांची नव्हे, तीन शब्दांची पद्धत आहे, आणि मला ती सोळा प्रकारांपेक्षा जास्त उपयोगाची वाटते. अंदाज करू नये असे मी म्हणत नाही. अंदाजावाचून मुलीचे लग्न ठरत नाही, कर्ज मंजूर होत नाही, रात्रीच्या गाडीत शेजाऱ्याच्या भरवशावर सामान ठेवता येत नाही. चित्र पाहून चित्रकार कसा असेल असे मनात येणारच. ते येऊ नये असे वाटत असते तर त्याने चित्र दाखवलेच नसते. फक्त अंदाज हा अंदाज राहावा, त्याचा निकाल होऊ नये. गायतोंडे अबोल होते म्हणावे, आणि मनात पुढचे तीन शब्द म्हणून ठेवावेत. घुमे सर, हळवा सहप्रवासी, राक्षसगणाची बायको, सगळ्यांच्या मागे ते तीन शब्द जोडून पाहावेत. काही बिघडत नाही, झाला तर एखादा पोचा दिसतो.

आमच्या जिल्ह्यातला शेतकरी हे न शिकवताच करतो. मृग लागायच्या सुमारास तो रेडिओवरचा अंदाज ऐकतो, मोबाइलवरचा ऐकतो, सेलूकडच्या पंजाब डखांचा ऐकतो, पंचांगात पावसाचे वाहन कोणते तेही विचारून ठेवतो. ऐकतो सगळ्यांचे. पण पेरणीच्या आधी ओट्यावर येऊन डोळ्यांवर आडवा हात धरतो, आणि स्वतः आभाळाकडे बघतो.